द्राक्षाच्या पानातून डीएनए: सीटॅब की कॉलम किट?

तासगाव पट्ट्यातल्या द्राक्षवेलीची जात डीएनएवरून तपासायची, तर पीसीआरआधी (डीएनएच्या प्रती काढण्याआधी) पानच नडतं. त्यात पॉलिफिनॉल, म्हणजे तुरट रसायनं, भरपूर. पान वाटलं की ते ऑक्सिडाइज होऊन डीएनएला चिकटतात, डीएनएची गोळी तपकिरी दिसते आणि पीसीआरमध्ये प्रती काढणारं टॅक एन्झाइम अडतं.

सीटॅब या साबणासारख्या रसायनाच्या पद्धतीत यावर उपाय करता येतो. शेंड्याचं कोवळं पान 100 मिलिग्रॅम घेऊन द्रव नायट्रोजनमध्ये पूड करा. बफरमध्ये 2 टक्के सीटॅब, 1.4 मोलर मीठ, 1-2 टक्के पीव्हीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवतं), बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल (ऑक्सिडेशन रोखतं) ऐनवेळीच. 65 अंशांवर अर्धा तास, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल 24:1. डीएनए असलेला वरचा थर उचलताना हाव नको. मधली पांढरी साय पिपेटमध्ये आली की प्रथिनं परत आत. पुढे डीएनए खाली बसवायला आयसोप्रोपॅनॉल आणि मग 70 टक्के इथेनॉलची धुणी. फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) हवाच.

कॉलम किटमध्ये डीएनए एका छोट्या नळीतल्या पडद्यावर अडकवतात. ते क्लोरोफॉर्मशिवाय तासा-दीड तासात उरकतं, पण महाग. पान जास्त घातलं की कॉलम तुंबतो. धुतल्यावरचा कोरडा स्पिन (द्रव न घालता कॉलम फिरवणं) चुकवला तर उरलेल्या इथेनॉलमुळे नमुना डीएनए तपासायच्या जेलच्या खाचेत बसतच नाही, वर तरंगतो.

दहा-पंधरा वेलींना किट, शंभराला सीटॅब. सांगलीची हळद तपासायची असेल तर मात्र कंदाच्या वाटेला जाऊ नका, पान घ्या. कंदातल्या स्टार्चपुढे दोन्ही पद्धती जेरीस येतात.