लाल डायलवाला टायमर, नववीतल्या एडीएचडीवाल्या पोरासाठी घेतला (६ महिने वापरून)

भुसावळला राहतो आम्ही. पोरगा नववीत, एडीएचडी (म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही) आहे हे सातवीत कळलं. त्याचा प्रकार उड्या मारणारा नाही, बसल्या जागी हरवणारा, त्यामुळे शाळेत सगळे आळशीच समजायचे (आधी मी पण). त्याच्यासाठी हा टायमर ऑनलाईन मागवला, ६४९ ला. ६० मिनिटांची डायल, बटण फिरवलं की तेवढा भाग लाल होतो आणि वेळ जाईल तसा लाल कमी होत जातो, बस एवढंच.

मोबाईलमध्ये टायमर नाही का, असं आमचे हे म्हणाले. मोबाईल हातात दिला की टायमर सोडून बाकी सगळं सुरू होतं हे यांना कोण सांगणार. आणि ह्या पोरांना अर्धा तास म्हणजे किती ते आतून कळतच नाही, डोळ्यांना दिसावं लागतं. पहिल्या दिवशी १५ मिनिटं लावली, भूमिती घेऊन बसला, मधे तीनदा मान वर करून लाल किती उरलं ते बघितलं पण "मम्मी झालं का" एकदाही नाही. आधी मी पोळ्या लाटता लाटता ओरडायची, बसला का, झालं का, पेन कुठंय. आता ते काम ह्या टायमरच्या डब्याकडे, आणि डब्याचा त्याला राग येत नाही. पैसे इथेच वसूल झाले माझे.

शाळेत मात्र फसला. टिकटिक येते हो, घरी पंख्याच्या आवाजात कळत नाही पण युनिट टेस्टला वर्ग शांत, मागची पोरं "बॉम्ब आला भो बॉम्ब" करायला लागली. दुसऱ्या दिवसापासून दप्तरातून काढलाच नाही त्याने. मग गणिताच्या सरांना भेटले, ते म्हणे भिंतीवर घड्याळ आहे ना. तिथेच टेबलावर लावून दाखवला. सर थोडं थांबले, म्हणाले डबा नको, पण २० गणितं एकदम न देता ५ देतो, झाली की टेबलाशी येऊन दाखवायची, मग पुढची ५. उठून चार पावलं चालायला मिळतं, त्यालाही तेच पाहिजे होतं. खिडकीजवळून दुसऱ्या बाकावर पण आणलं. फुकटात झालं हे, आणि टायमरपेक्षा जास्त चाललं, खरं सांगते.

बाकी क्वालिटी यथातथाच. सेल सोबत येत नाही, एकदा पडला तर पुढचं प्लॅस्टिक निघालं, फेविक्विकवर चालू आहे. बॉक्सवर एडीएचडी बरा होतो टाईप काहीतरी छापलंय, त्याकडे लक्ष देऊ नका, टायमरने काही बरं होत नसतं.

दहावीच्या सवलतींसाठी धावपळ करणाऱ्यांना एक, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी वेगळा नाहीये, लर्निंग डिसॅबिलिटी (वाचण्या-लिहिण्यात, गणितात अडचण येते ती) आहे. बऱ्याच पोरांना दोन्ही असतं, म्हणून त्याची पण टेस्ट वेळेत करून घ्या. आम्ही सातवीतच करायला पाहिजे होती, आता पळतोय.

३ स्टार. बिनआवाजाचा पण मिळतो, थोडा महाग आहे, तोच घ्या. आणि दोन घ्या, कारण आमचा अर्धा वेळ सासूबाईंच्या कुकरजवळ सापडतो.