भरपाई यांच्या नावावर, खातं एजंटाच्या हातात

अपघाताच्या केसमधले आमचे पैसे गेले ते दवाखान्यातल्या खाटेवरच, कोर्टाचं तोंड बघायच्या आधी.

पंढरपूरहून येताना आमच्या एसटीला समोरून आलेला टेम्पो घासत गेला. यांच्या मांडीचं हाड मोडलं, रॉड घालावा लागला. ऑपरेशन झालं नाही तोच एक माणूस फाईल घेऊन हजर. "ताई, केस मी लावतो. आधी एक रुपया द्यायचा नाही, पैसे आले की तीस टक्के." एफआयआरचा नंबर त्याला आमच्या आधी माहीत होता. तो त्याला कुठून मिळाला, देव जाणे.

एक गोष्ट त्याने खरी सांगितली आणि तिच्या जोरावर बाकीचं खपवलं. 1 एप्रिल 2022 पासून अशा दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. "मुदत गेली की हक्क गेला," म्हणून त्याने घाई लावली. अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अशा दाव्यांच्या कोर्टाकडे, पाठवणं हे पोलिसांचंच काम आहे आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो, हे मात्र गिळलं. वर "चूक दोन्ही गाड्यांची, म्हणून केस अवघड," असं म्हणत टक्का चाळीसवर नेला. हेही थापच. दोन गाड्यांच्या चुकीत प्रवाशाला कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते, त्यांनी आपसात काय वाटून घ्यायचं ते घ्यावं.

मग सह्या. वकीलपत्र कोरं, पाचशेचा स्टॅम्पपेपर कोरा. "कोर्टाला वेगळं खातं लागतं," म्हणून नवीन खातं उघडलं. घरातलं जुनं खातं चाललं असतं. नव्या खात्याला मोबाईल नंबर त्याचा, पासबुक आणि एटीएम कार्ड त्याच्याकडे, चेकवर सह्या यांच्या. भरपाई थेट जखमीच्या खात्यात जावी असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली सांगितलंय. पण पैसे आल्याचा मेसेजच दुसऱ्याच्या फोनवर जात असेल तर काय करणार?

पुढे लोक अदालतीला नेलं. तिथे वकीलसाहेब पहिल्यांदा दिसले, तेही सहीपुरते. काही दिवसांनी एजंटाने घरी येऊन पावणेतीन लाख रोख मोजले. "माझं कापून एवढेच."

भाच्याला राहवेना. त्याने ई-कोर्ट्स ॲपवर यांच्या नावाने केस शोधली आणि नंबर घेऊन कोर्टातून निवाड्याची नक्कल काढली. रक्कम होती सहा लाख चाळीस हजार. चाळीस टक्के कापले तरी हिशेब बसत नाही.

त्याहून मोठा घाटा त्या कागदांतच होता. अपंगत्वाचा दाखला जोडलेलाच नव्हता. हे गवंडी आहेत, परांचीवर चढणं आता बंद. वय 42, त्याला कोर्टाचा गुणक 14, म्हणजे वर्षाचं नुकसान गुणिले 14. महिन्याला पंधरा हजार कमाई आणि ती तीस टक्क्यांनी घटली असं धरलं, तरी एवढ्या एका बाबीचे साडेसात लाखांवर जातात. ऑपरेशन, औषधं, बुडालेली मजुरी वेगळी. एजंटाला झटपट मिटवायचं होतं, आणि लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. फसवून सही घेतली असेल तर हायकोर्टात रिट याचिका करायची, तोच एक रस्ता.

हे मला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी सांगितलं. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना तिथे वकील फुकट मिळतो, हे मला दवाखान्यात कुणी बोललं नाही. 15100 हा त्यांचा फोन नंबर. वकिलाने निकालाच्या पैशांत टक्का ठरवणं बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांत मुळात बसतच नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

आता बँकेत जाऊन नंबर बदलला, स्टेटमेंट काढलं. पैसे जमा झाले त्याच आठवड्यात चेकने काढलेले दिसतात. ते स्टेटमेंट जोडून पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिलीय, वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे वेगळी. एजंटाचं म्हणणं, आम्ही राजीखुशीने सह्या केल्या.

आणखी एक. एसटीच्या तिकिटात एक रुपया अपघात सहायता निधीचा असतो, म्हणून तिकीट हा आपला पुरावा. यांचं तिकीट एजंट "केसला लागतं" म्हणून घेऊन गेला, ते परत आलंच नाही. मशीनच्या तिकिटावरची शाई तशीही उडते. फोटो त्याच दिवशी काढा आणि मूळ तिकीट कुणालाही देऊ नका.