सीसीटीव्हीत उडालेलं ते काय: किडा, की खरंच काही अनोळखी?

वाळवा किंवा कराडकडच्या एखाद्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात मध्यरात्रीनंतर एक पांढरी, लांबट काठी सर्रकन निघून जाते. तिच्या दोन्ही कडांना झालरी असतात. सकाळी क्लिप भावकीच्या ग्रुपवर पडते आणि जेवणवेळेपर्यंत तिचे तीन अर्थ निघालेले असतात: चोरांचा ड्रोन, परग्रहावरचं यान, नाहीतर ‘बाहेरचं काहीतरी’. ती क्लिप तुमच्या कॅमेऱ्यातली असेल आणि पुढे काय करायचं हे तुम्हालाच ठरवायचं असेल, तर आधी एकच प्रश्न सोडवा. ती वस्तू कॅमेऱ्यापासून किती लांब होती?

आकार आणि वेग दोन्ही या अंतरावर ठरतात. एक सेंटिमीटरचा भुंगेरा भिंगापासून ५० सेंटिमीटरवर असला, तर तो पडद्यावर एक किलोमीटर लांबच्या २० मीटर वस्तूएवढा दिसतो. तोच भुंगेरा सेकंदाला ३ मीटर या साध्या चालीने आडवा गेला आणि तुम्ही त्याला एक किलोमीटर लांबचा समजलात, तर वेग निघतो ताशी २१,६०० किलोमीटर. ‘विमानापेक्षा कितीतरी जोरात गेलं’ हे वाक्य जन्मतं ते इथे. खरोखर एवढ्या वेगाने काही गेलं असतं तर ध्वनीचा स्फोट अख्ख्या तालुक्याने ऐकला असता. म्हणून क्लिपला आवाज असेल तर तो आधी ऐका.

काठी आणि झालर

या काठ्यांना ‘रॉड’ म्हणायची चाल १९९४ साली अमेरिकेतल्या रॉझवेलजवळच्या चित्रणावरून होजे एस्कामिया यांनी पाडली. हा वेगळाच जीव असावा, असं त्यांचं म्हणणं. खुलासा शटरच्या वेळेत आहे. दिवसा मधमाशी सेकंदाला साधारण ६ मीटर जाते आणि जवळपास २३० वेळा पंख मारते. शटर १/५० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात ती १२ सेंटिमीटर पुढे सरकते आणि चार-पाच वेळा पंख हलवते. कॅमेरा हे सगळं एकाच फ्रेममध्ये ओततो. अंगाची होते काठी, पंखांच्या चार-पाच झोक्यांच्या होतात झालरी. रात्री शटर १/२५ वर येतं. मग ३ मीटर वेगाचा भुंगेराही तेवढाच लांब ओघळतो, पण त्याचे पंख सेकंदाला पन्नासेक वेळाच हलत असल्याने झालरी दोनच दिसतात. झालरींची संख्या शटरप्रमाणे बदलते हे लक्षात ठेवा. कुठल्याही प्राण्याचे अवयव असे बदलत नाहीत.

पडताळा सोपा आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक्स्पोजर ‘ऑटो’वरून काढून शटर १/२५० करा. चित्र काळवंडेल, म्हणून अंगणात वेगळा दिवा लावा, पण कॅमेऱ्यापासून तीन-चार मीटर बाजूला. किडा असेल तर १२ सेंटिमीटरची काठी सव्वा सेंटिमीटरवर येते आणि पंख सुटे दिसू लागतात. खरोखर लांबट वस्तू असेल तर लांबटच राहील. सोबत थ्रीडी डीएनआर, म्हणजे खरखर कमी करणारी सोय, बंद करा. हलणाऱ्या वस्तूमागे ती धुरकट शेपूट सोडते, आणि लोक त्या शेपटीला ‘पारदर्शक शरीर’ म्हणतात.

२००५ साली चीनच्या जिलिन प्रांतात एका औषध कारखान्याच्या कॅमेऱ्यांत अशाच काठ्या दिसू लागल्या, तेव्हा तिथे जाळी लावली गेली. जाळीत सापडले पतंग. आपल्याकडे त्याहून स्वस्त साधन ऊसवाल्यांच्या घरी आधीच आहे: उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी किडीचा प्रकाश सापळा. वर बल्ब, खाली घमेल्यात पाणी आणि थोडं रॉकेल. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी सात ते नऊ या वेळात हुमणीचे भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर उतरतात. तेव्हा आणि पंखवाली वाळवी निघते त्या संध्याकाळी सापळा कॅमेऱ्याजवळच लावा आणि घमेल्यात पडलेलं त्या वेळच्या क्लिपांशी ताडून पाहा. काठ्या फक्त मे ते ऑक्टोबर दिसत असतील आणि थंडीत गायब होत असतील, तर तेवढ्यानेच पारडं किड्याकडे झुकतं.

गोल ठिपके

तरंगणारे, कडेला धूसर आणि मध्ये चमकणारे गोळे बहुतेक भिंगाच्या अगदी जवळचे असतात. इन्फ्रारेडचे एलईडी भिंगाला चिकटून बसवलेले असतात. बारीक कणावरून परत येणारा उजेड अंतराच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणजे २० सेंटिमीटरवरचा कण २ मीटरवरच्या तशाच कणापेक्षा १०,००० पट उजळ दिसतो. धूळ, धुकं, पावसाचे थेंब, कोळ्याचा धागा, सगळं यात आलं. गाळप हंगामात उसाचं पाचट पेटवल्यावर उडणारी राख तर हमखास. तपासायचं तर कॅमेऱ्याचं इन्फ्रारेड बंद ठेवून बाजूच्या दिव्यावर एक रात्र चित्रण करा. गोळे गेले, तर त्यात गूढ काही उरलं नाही. इन्फ्रारेड बहुतेक किड्यांना दिसतही नाही. ते येतात पोर्चमधल्या दिव्यावर, एलईडी त्यांना फक्त उजळतो.

लांबचं असेल तर

इथे पारडं दुसऱ्या बाजूला जाऊ शकतं. फ्रेम एकेक करून पाहा (व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ बटण) आणि शोधा: वस्तू विजेच्या तारेच्या, झाडाच्या फांदीच्या किंवा देवळाच्या कळसाच्या मागून जाते का? गेली असेल तर ती त्याच्या पलीकडे होती आणि भिंगाजवळचा किडा बाद. पुढून गेली तर मात्र काहीच ठरत नाही.

सगळ्यात भरवशाची परीक्षा दोन कॅमेऱ्यांची. एकाच डीव्हीआरला (चित्रण साठवणाऱ्या पेटीला) जोडलेले, एकमेकांपासून तीन मीटर अंतरावरचे, आकाशाच्या त्याच भागाकडे तोंड केलेले. ५० सेंटिमीटरवरचा किडा एकातच दिसेल. एक किलोमीटरवरची वस्तू दोघांतही त्याच सेकंदाला आणि जवळजवळ त्याच जागी दिसेल. फरक जेमतेम ०.१७ अंशाचा. आमच्या मते ही परीक्षा झाल्याशिवाय ‘अनोळखी’ शब्द वापरूच नये.

दोन्ही कॅमेऱ्यांत दिसलं तरी ओळखीचे उमेदवार उरतातच. ड्रोन एका जागी थांबतो, घरघरतो, त्याचे दिवे लुकलुकतात, आणि साधा ड्रोन अर्ध्या तासात उतरतो. संशय असेल तर ११२ ला फोन करा, दगड मारू नका. उपग्रह न लुकलुकता सरळ जातो, बहुधा सूर्यास्तानंतरच्या किंवा पहाटेच्या दोनेक तासांत. ठिपक्यांची रांगच दिसली तर स्टारलिंकचे इंटरनेट उपग्रह. चाळकेवाडी किंवा वनकुसवडेच्या पठाराच्या दिशेला लाल उघडझाप असेल तर आधी पवनचक्क्यांचे दिवे आठवा. आणि मोबाइलच्या नाइट मोडमध्ये काजवा ठिपक्याठिपक्यांची रेघ सोडतो, हे पाटण-कोयनेकडच्यांना सांगायला नको.

अनुभवी लोकही इथे चकतात. चिलीतल्या एल बोस्के हवाई तळावर २०१० साली विमानांच्या कसरतींच्या चित्रणात एक वेगवान ठिपका सापडला. २०१२ मध्ये तो यूएफओचा (अनोळखी उडत्या वस्तूचा) मोठा पुरावा म्हणून पुढे आला, आणि टीकाकारांनी कॅमेऱ्याजवळून उडालेल्या किड्याकडे बोट दाखवलं. लांबच्या वस्तूंतही अंतर फसवतं: अमेरिकी नौदलाच्या ‘गोफास्ट’ चित्रफितीतली वस्तू समुद्रालगत भन्नाट धावताना दिसते, पण नासाच्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात उंची हिशेबात घेऊन काढलेला वेग ताशी साधारण ४० मैल होता. धावत होतं ते मुख्यतः चित्रण करणारं विमान.

म्हणजे ‘किडा नाही’ इथून ‘अनोळखी’ इथवर उडी मारता येत नाही. मधे उभी राहते ती नोंद: सेकंदासह वेळ, कॅमेऱ्याची दिशा, क्षितिजापासूनची उंची अंशांत, शटरचा आकडा आणि मूळ फाइल. व्हॉट्सॲपवर साधी पाठवलेली प्रत दाबली जाते आणि झालरी चौकटींत विरघळतात, मॉनिटरचं मोबाइलने केलेलं चित्रण त्याहून वाईट. डीव्हीआर जुनं फूटेज आपोआप पुसतो, म्हणून त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढा. त्या वेळेचं विमान फ्लाइटरडार या विमानं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर आणि तारे-ग्रह स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या ॲपवर पाहा. इतकं करून जे उरेल ते अभ्यासकाला दाखवण्याजोगं.

क्लिप किड्याचीच निघाली, तर उपाय दहा मिनिटांचा आहे: पोर्चचा दिवा कॅमेऱ्यापासून लांब न्या, पांढऱ्याऐवजी पिवळा लावा, आणि एलईडीभोवतीची कोळ्याची जाळी आठवड्याला फडक्याने पुसा. जाळी असेल तोवर ‘मोशन अलर्ट’ रात्रभर वाजत राहणार.