सादळलेला पियानो: खोली कोरडी करावी की वाद्य?

पियानोची पुढची खालची फळी काढताच कुबट वास यावा आणि पट्ट्यांच्या खालच्या लाकडावर करड्या-पांढऱ्या लवेचे ठिपके दिसावेत, म्हणजे हात आपोआप फडक्याकडे जातो. ती घाई टाळावी. ज्या हवेत ही बुरशी वाढली ती हवा तशीच राहिली, तर पुसलेल्या जागी काही आठवड्यांत पुन्हा लव धरते. म्हणून ओलावा कुठून आणि कशाने काढायचा हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी खोलीत ठेवायचा डीह्युमिडिफायर (हवा कोरडी करणारे यंत्र), पियानोच्या आत बसवायची तापकांडी आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या असे तीन मार्ग सर्रास सुचवले जातात. मात्र ते एकमेकांना पर्याय म्हणून सारख्या योग्यतेचे नाहीत.

दमट हवेने पियानोचे होणारे नुकसान दोन प्रकारचे असते आणि निवड करताना त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिला प्रकार फुगण्याचा आहे. तारांखालचा ध्वनिफलक बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा असतो. हवेतील ओलावा शोषून तो आडव्या दिशेने फुगतो, त्याचा बाक वाढतो आणि तारा वर रेटल्या गेल्यामुळे, विशेषतः मधल्या सप्तकांत, स्वर चढतात. त्याच ओलाव्याने पट्ट्यांच्या खाचांमधील लोकरीचे अस्तर आणि तारांवर आदळणाऱ्या हातोड्यांच्या सांध्यांतील बारीक कापड फुगते. पट्टी दाबून सोडल्यावर ती रेंगाळत वर येते, किंवा बोटाने बाजूला हलवून पाहिली तर जागची हलतच नाही. निरोगी पट्टीत अगदी बारीकशी आडवी हालचाल जाणवते. हा दोष हवा कोरडी झाली की बराचसा आपोआप ओसरतो. दुसरा प्रकार मात्र परतीचा नाही: तारांवर व त्या ताणून धरणाऱ्या खुंट्यांवर चढलेला गंज, उकललेले सांधे आणि फेल्टमध्ये (दाबून घट्ट केलेल्या लोकरीत) खोल शिरलेली बुरशी.

कोणतेही यंत्र आणण्याआधी एक आर्द्रतामापक पियानोजवळ ठेवून निदान काही आठवडे नोंदी कराव्यात. साध्या मापकांत बरीच चूक असू शकते, पण ती घरीच तपासता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलाइतपत ओले करावे आणि मापकासह घट्ट बंद डब्यात काही तास ठेवावे. आत 75 टक्के सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या तुलनेत तिच्यात असलेली वाफ) तयार होते, त्यामुळे मापक किती चुकतो ते लगेच कळते. पियानोसाठी 40 ते 50 टक्क्यांच्या आसपासची स्थिर आर्द्रता चांगली मानली जाते. ती दीर्घकाळ 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला अनुकूल स्थिती निर्माण होते. धूळ आणि जुन्या पियानोंत वापरलेला प्राणिजन्य सरस हे तिचे आयते खाद्य असते.

खोलीतील डीह्युमिडिफायर हवेतून पाणी प्रत्यक्ष बाहेर काढतो, आणि माझ्या मते बुरशी दिसलेल्या प्रत्येक ठिकाणी सुरुवात त्याच्यापासूनच व्हावी. पियानोवर बुरशी आली याचा अर्थ बहुतेक वेळा भिंत, बैठक आणि स्वरलिपीची पुस्तकेही त्याच हवेत सादळत आहेत असा असतो. त्याचे तोटेही खरे आहेत. दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, टाकी वेळेवर रिकामी करावी लागते किंवा नळी जोडावी लागते आणि वादनाच्या वेळी त्याचा आवाज त्रासदायक ठरतो. कॉम्प्रेसरवर चालणारा प्रकार थंड खोलीत, साधारण 15 अंश सेल्सिअसच्या खाली, मंदावतो. तिथे ओलावा शोषणारे फिरते चाक असलेला प्रकार अधिक उपयोगी पडतो. यंत्रातून निघणारी कोरडी, कोमट हवा थेट पियानोवर येणार नाही अशी जागा निवडावी.

तापकांडीचे काम वेगळे आहे, आणि इथेच अनेकांचा गैरसमज होतो. ती हवेतले पाणी काढत नाही. हवा थोडी तापवून तिची सापेक्ष आर्द्रता कमी करते. 25 अंशांची 75 टक्के आर्द्रतेची हवा 28 अंशांपर्यंत तापली की तोच आकडा सुमारे 63 टक्क्यांवर येतो. कांडीला वीज थोडीच लागते, आवाज अजिबात होत नाही आणि उभ्या पियानोच्या बंदिस्त पेटीत तिचा गुण चांगला येतो. आडव्या मांडणीच्या ग्रँड पियानोत ती ध्वनिफलकाखाली, उघड्यावर बसते. तिथे ध्वनिफलकाला लाभ होतो, पण पट्ट्या आणि हातोड्यांपर्यंत तो तितका पोहोचत नाही. आर्द्रता-नियंत्रक (आर्द्रतेनुसार कांडी आपोआप चालू-बंद करणारा भाग) नसलेली नुसती कांडी मी कुणालाही सुचवणार नाही, कारण कोरड्या ऋतूतही ती तापत राहते आणि आधी फुगलेला ध्वनिफलक मग आकसून तडकण्याचा धोका उरतो. जिथे वर्षाचा काही भाग दमट आणि काही भाग कोरडा असतो, तिथे पाण्याची टाकी जोडलेली, दोन्ही बाजूंनी समतोल राखणारी पूर्ण प्रणालीच घ्यावी. ती अखंड चालू ठेवावी लागते. मधूनच बंद-चालू केल्याने चढउतार उलट वाढतात. प्रणाली बसवल्यावर लाकूड नव्या पातळीवर स्थिरावायला काही आठवडे लागतात, त्यामुळे स्वर मिळवण्याचे काम त्यानंतर करणे श्रेयस्कर. (पेटीत साधा दिवा पेटता ठेवण्याची जुनी युक्ती आगीच्या भीतीमुळे सोडून द्यावी.)

पिशव्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सिलिका जेल आपल्या वजनाच्या जेमतेम एक तृतीयांश पाणी धरते आणि पियानो हवाबंद नसल्यामुळे ते लवकरच तृप्त होऊन निरुपयोगी ठरते. कॅल्शियम क्लोराइडचे डबे तर पियानोत ठेवूच नयेत. त्यांत साचणारे खारट पाणी सांडले, तर तारा आणि खुंट्या गंजून जातील.

हवा ताब्यात आल्यावर स्वच्छतेचा प्रश्न येतो. लाकडावरची पृष्ठभागीय बुरशी एन-95 मुखपट्टी लावून, मऊ ब्रश आणि हेपा गाळणी (अतिसूक्ष्म कण अडवणारी) असलेल्या व्हॅक्यूमने काढता येते. हातोड्यांची यंत्रणा तंत्रज्ञाकडून बाहेर काढून घेऊन मोकळ्या हवेत साफ करणे उत्तम, म्हणजे बीजाणू खोलीत पसरत नाहीत. ब्लीच वापरू नये, कारण त्याने धातू गंजतो आणि लाकूड पुन्हा ओले होते. लाखेच्या पॉलिशवर अल्कोहोल लावू नये, कारण ते पॉलिश विरघळवते. उन्हात ठेवूनही पॉलिश आणि लाकूड दोन्ही बिघडतात. फेल्टवर काहीही फवारण्याचा मोह आवरावा. फेल्टचा वास स्वच्छतेनंतरही जात नसेल, तर ते बदलणेच योग्य, कारण मेलेले बीजाणूही ॲलर्जी देतात.

तेव्हा बुरशी आहे आणि मापक वारंवार 65 टक्क्यांच्या वर जातो, तर आधी खोलीचे यंत्र घ्यावे आणि आर्द्रता तरीही हलत राहिली तर आतली प्रणाली जोडावी. बुरशी नाही, पण ऋतूनुसार पट्ट्या अडतात आणि स्वर सरकतात, तर उभ्या पियानोत थेट आतली प्रणाली बसवणे सोयीचे. जुन्या पियानोत मात्र दोन्हींवर खर्च करण्याआधी तंत्रज्ञाकडून खुंट्यांची पकड तपासून घ्यावी. वर्षानुवर्षे फुगून-आकसून ज्या लाकडात त्या ठोकलेल्या असतात तेच सैल झाले असेल, तर स्वर मिळवलेल्या तारा काही दिवसांतच उतरतात. असा पियानो पूर्ण नव्याने बांधून घ्यायचा की सोडून द्यायचा, हा निर्णय हवेच्या यंत्रांच्या खरेदीआधीच व्हायला हवा.