पाणी जिरवणारे पेव्हर ब्लॉक : सोसायटीच्या पार्किंगसाठी घ्यावेत का?

पुण्यात आता बहुतेक गृहनिर्माण संस्थांच्या आवारात कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असते. उघडी माती झाडाच्या आळ्यापुरती उरते आणि जोराची सर आली की आवारातले सगळे पाणी फाटकातून रस्त्यावर, तिथून पावसाळी गटारात आणि पुढे ओढ्यात जाते. त्यावर उपाय म्हणून बाजारात ‘पाणी जिरवणारे’ ब्लॉक मिळू लागले आहेत. आंबिल ओढ्याच्या पाणलोटात असलेल्या आमच्या संस्थेने पार्किंगच्या एका भागात ते बसवले असून त्यांचा अनुभव पावसाळ्यात घेतला आहे. असे ब्लॉक अनेक कारखाने बनवतात आणि त्यांच्यात फारसे डावे-उजवे नसते. म्हणून हे परीक्षण एका कारखान्याचे नाही, त्या प्रकारच्या मालाचे आहे.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिल्यात ब्लॉकच सच्छिद्र असतो. त्याच्या काँक्रीटमध्ये वाळू जवळजवळ नसते, त्यामुळे खडीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून पाणी आरपार जाते. दुसऱ्यात ब्लॉक नेहमीसारखा घट्ट काँक्रीटचाच असतो, पण त्याच्या कडांना ठेवलेल्या खाचांमुळे दोन ब्लॉकांमध्ये रुंद सांधा राहतो आणि त्या सांध्यात वाळूऐवजी दगडाची बारीक कच भरतात. दिसायला पहिला प्रकार अधिक प्रभावी आहे. विक्रेता त्यावर तांब्याभर पाणी ओततो, ते क्षणात नाहीसे होते आणि समितीचे सभासद माना डोलावतात. तरीही आम्ही दुसरा प्रकार निवडला. पोकळ्यांमुळे सच्छिद्र काँक्रीटची ताकद कमी पडते आणि आमच्या आवारात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात. दहा हजार लिटरच्या टँकरमधल्या पाण्याचेच वजन दहा टन भरते, गाडीचे वेगळे. (चैत्र-वैशाखात विकत घेतलेले पाणी आषाढात फुकट मिळते तेव्हा ते फाटकाबाहेर घालवायचे, हा व्यवहार आपल्याला अजून खटकत नाही.) पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात हलक्या रहदारीसाठी एम-३५ आणि मध्यम रहदारीसाठी एम-४० ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत सांगितली आहे, तेव्हा प्रयोगशाळेचा दाखला मागून घ्यावा. केवळ ‘हेवी ड्यूटी’ या शब्दांवर विसंबू नये.

मात्र वरचा ब्लॉक हा या व्यवस्थेतला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे, आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात नेमके हेच दडलेले असते. साधे पेव्हर बसवताना मुरूम दाबून त्यावर ग्रिट किंवा क्रशरची डस्ट अंथरतात. तशाच थरावर हे ब्लॉक बसवले तर सांध्यातून खाली गेलेले पाणी त्या भुकटीत अडकते, थर मऊ होतो आणि ब्लॉक खचू लागतात. इथे ब्लॉकखाली बारीक, धुतलेली कच लागते आणि तिच्याखाली फुटभर जाडीचा, भुकटी नसलेल्या जाड खडीचा थर लागतो. अशा खडीत सुमारे ४० टक्के पोकळी असते. म्हणजे ३०० मिलिमीटर जाडीच्या थरात १२० मिलिमीटर पाणी मावते. ४०० चौरस मीटर पार्किंगवर ६० मिलिमीटर पाऊस झाला तर २४,००० लिटर पाणी पडते आणि त्या थराची क्षमता ४८,००० लिटर असते, त्यामुळे हिशेब आरामात बसतो. पण गच्चीचे पाइपही तिथेच सोडले की पाणी दुप्पट-तिप्पट होते, हे आधी ध्यानात घ्यावे. जमिनीला उतार असेल तर खडीतले पाणी खालच्या टोकाला गोळा होते आणि वरचा भाग रिकामाच राहतो. तिथे खडीच्या थरात मध्ये मध्ये आडवे अडथळे घालावे लागतात.

आमच्या कंत्राटदाराच्या मुकादमाने पहिल्याच दिवशी सवयीने डस्टचा ट्रक मागवला होता. तो परत पाठवावा लागला आणि त्यानंतर काम चालू असेपर्यंत समितीतला कोणीतरी जागेवर उभा राहिला. त्यात त्या मुकादमाचा दोष फार नाही, कारण हे काम इतर सर्व पेव्हर कामांच्या उलट असते. तरीही ब्लॉक घेताना ‘बसवून देण्यासह’ असा सौदा करणाऱ्यांनी खालच्या थरांचे माप आणि खडीचा आकार करारात लिहून घ्यावा.

पुण्याच्या जमिनीचाही विचार करायला हवा. खाली मुरूम असेल तर पाणी बऱ्यापैकी जिरते. काळी माती असेल तर ती भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही, आणि सलग बेसॉल्टचा कातळ लागला तर पाणी जायला जागाच नसते. अशा ठिकाणी खडीच्या तळाशी छिद्रांचा पाइप टाकून तो शोषखड्ड्याकडे किंवा पावसाळी चेंबरकडे काढणे भाग आहे. आमच्याकडे मुरुमाखाली कातळ असल्याने असा पाइप टाकला आहे. त्यामुळे सगळे पाणी जमिनीत जाते असा दावा मी करणार नाही. काही जिरते आणि उरलेले सावकाश बाहेर पडते. इमारतीच्या पायापासून आणि विशेषतः पिण्याच्या पाण्याच्या भूमिगत टाकीपासून हे काम दूर ठेवावे. टाकीला तडा असेल तर पार्किंगमधले तेलकट पाणी थेट नळापर्यंत पोचू शकते.

प्रत्यक्ष कामगिरी पहिल्या पावसाळ्यात उत्तम होती. जोरदार सरीतही त्या भागावर डबके दिसले नाही, पलीकडच्या जुन्या ब्लॉकांवर मात्र पाणी वाहत होते. पुढे वेग मंदावला. गुलमोहराखालच्या पट्ट्यात पानांचा चुरा आणि आळ्यातली माती सांध्यांत बसली आणि तिथे आता पाणी जवळजवळ जिरत नाही. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. फुटभर व्यासाचे कडे जमिनीवर पुटीने बसवून त्यात १८ लिटर पाणी ओतावे, म्हणजे तेवढ्या जागेवर २५ सेंटीमीटर पाऊस पडल्यासारखे होते, आणि ते जिरायला लागणारा वेळ दरवर्षी टिपून ठेवावा. सांधे भरल्यावर वरची कच खेचून काढून नवी भरावी लागते. नुसत्या झाडूने धूळ सांध्यात अधिकच ढकलली जाते आणि पाण्याचा जोराचा फवारा ती आणखी खाली नेतो. त्यासाठी लागणारी व्हॅक्यूमची सेवा देणारे कमी आहेत, आणि मालाची सर्वांत मोठी उणीव हीच आहे. कारखाने ब्लॉक विकतात, देखभाल विकत नाहीत.

‘पुरावर उपाय’ ही जाहिरात मात्र अजिबात मान्य करता येत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर परिसरात जो हाहाकार केला आणि त्या पावसात पुणे व परिसरात जी माणसे गेली, ते पार्किंगमधल्या खडीने टळले नसते. तिथे प्रश्न डोंगरउतार, ओढ्याचे आक्रसलेले पात्र आणि रस्त्याखालच्या तुंबणाऱ्या मोऱ्यांचा आहे. पेशवाईत या ओढ्याचे पाणी कात्रजच्या आणि पर्वतीच्या पायथ्याच्या तळ्यात थांबत असे. तितकी जागा आज कोणत्याही सोसायटीकडे नाही. ओढ्यात मिसळणाऱ्या सांडपाण्यावरही या ब्लॉकांचा काही परिणाम होत नाही. उपयोग होतो तो रोजच्या लहान-मध्यम पावसात. पहिल्या सरीबरोबर गाड्यांखालचे तेल, टायरची भुकटी आणि धूळ ओढ्याकडे जाते, त्यातले बरेचसे खडीत अडते, आणि गटारावर एकदम येणारा लोंढा थोडा पसरतो.

ब्लॉकचा दर साध्या ब्लॉकपेक्षा काहीसाच अधिक असतो. खरा खर्च खोदाई, खडी आणि राडारोडा वाहून नेण्याचा. म्हणून चांगल्या स्थितीतले जुने पेव्हर उखडून हे बसवण्याचा सल्ला मी देणार नाही. पार्किंग कधीतरी खोदायचेच असेल तेव्हा जरूर बसवावेत, तेही फक्त गाड्या उभ्या राहण्याच्या जागी. अग्निशमन दलाच्या गाडीचा मार्ग, झाडांखालचा पट्टा आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटची माती वाहून येते ती कड वगळावी. आमच्या संस्थेने पुढच्या टप्प्यासाठी असेच आखले आहे, आणि सांधे साफ करण्याची रक्कम वार्षिक देखभाल खर्चात आधीच धरून ठेवली आहे.