आजीव, वार्षिक की टप्प्याटप्प्याने? डॉक्टरांच्या संघटनेची वर्गणी आणि सवलती ठरवताना

नवी कार्यकारिणी बसली की कोषाध्यक्षाच्या हाती एक एक्सेल शीट, अर्धवट भरलेलं पावतीपुस्तक आणि ‘वर्गणी वाढवायची का?’ हा प्रश्न एकदमच पडतो. वर्गणी किती, हा त्यातला सोपा भाग. ती घ्यायची कशी आणि सवलत कुणाला, कुठल्या तारखेपर्यंत, इथे खरा घोळ होतो. खालचा हिशेब नागपुरातल्या दोन-तीनशे सभासदांच्या स्पेशालिटी संघटनेचा आहे, जी सोसायटी म्हणूनही नोंदलेली आहे आणि सार्वजनिक न्यास म्हणूनही. आयएमए (इंडियन मेडिकल असोसिएशन) सारख्या संघटनेत वर्गणीत केंद्र, राज्य आणि शाखा असे वाटे असतात, त्यामुळे तिथे शाखेच्या हाती फक्त आपला वाटा उरतो.

आजीव सभासदत्व

डॉक्टरांना हेच आवडतं. एकदा चेक दिला की दरवर्षीची कटकट नाही. कार्यकारिणीलाही आवडतं, कारण पहिल्या वर्षी खात्यात भरपूर पैसा दिसतो. समजा, आजीव शुल्क १२,००० रुपये ठेवलं आणि ते साडेसहा टक्क्यांच्या एफडीत टाकलं. वर्षाला व्याज मिळेल ७८० रुपये. सभासदामागे खर्च, म्हणजे हॉलचं भाडं, सीएमई (डॉक्टरांसाठीची शैक्षणिक सत्रं), टपाल आणि अकाउंटंट, आज ९०० रुपये धरू. तो वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला तर दहा वर्षांनी सुमारे १,६१० होतो. व्याज मात्र ७८० वरच. म्हणजे पहिल्या दिवसापासून तूट आहे. ती दिसत नाही एवढंच, कारण नव्या आजीव सभासदांच्या पैशावर जुन्यांचा खर्च चालतो. नवे येणं थांबलं की मुद्दल खायची वेळ येते.

दुसरी अडचण यादीची. वारलेले, परदेशी गेलेले, पत्ता बदललेले असे सगळे आजीव सभासद यादीत राहतात. संघटनेच्या घटनेत कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) एकूण सभासदांच्या प्रमाणात असेल तर साठ बेपत्ता नावं प्रत्येक आमसभेला भोवतात. आजीव वर्ग ठेवायचाच असेल तर तो दहा सलग वर्षं वर्गणी भरलेल्यांसाठीच ठेवा. पैसे वेगळ्या एफडीत ‘आजीव निधी’ म्हणून ठेवा आणि फक्त व्याज खर्च करायचा ठराव घटनेत घाला. हप्त्यांची सोय टाळलेली बरी. पहिला हप्ता येतो, दुसरा मागावा लागतो, तिसरा येतच नाही. द्यायचीच असेल तर शेवटचा हप्ता येईपर्यंत मतदानाचा हक्क नाही, हे फॉर्मवरच छापा.

वार्षिक वर्गणी

मेहनत जास्त, पण यादी जिवंत राहते. वर्ष एप्रिल ते मार्च ठेवा आणि १ एप्रिलला वर्गणी देय धरा. यामागे ऑडिटच्या सोयीपलीकडचंही कारण आहे. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० च्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला त्या कायद्याखालच्या कामकाजात मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. म्हणजे १ जुलै उलटला की थकबाकीदार आपोआप बाजूला पडतात आणि जुलैनंतर घेतलेल्या आमसभेची मतदारयादी वादात ओढणं अवघड जातं. निवडणुकीनंतर नव्या पदाधिकाऱ्यांचा चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती देणारा अर्ज) ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तिथे आलेल्या हरकतींचं मूळ बरेचदा मतदारयादीत असतं.

आठवण तीनदा पुरते: १ मार्च, २५ मार्च, २० एप्रिल. मेसेज दुपारी दोन ते चारच्या दरम्यान पाठवा, म्हणजे सकाळची ओपीडी आणि संध्याकाळचं क्लिनिक यांच्या मधल्या वेळेत. सकाळी पाठवलेला मेसेज लॅब रिपोर्टांच्या ढिगात बुडतो.

टप्प्याटप्प्याची वर्गणी

नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या वैद्यकीय महाविद्यालयांतून दरवर्षी पीजी (पदव्युत्तर शिक्षण) संपवून नवे डॉक्टर बाहेर पडतात. त्यांना पूर्ण वर्गणी लावली तर ते येत नाहीत आणि पाच वर्षांनी प्रॅक्टिस जमली की त्यांना संघटनेची गरज वाटत नाही. म्हणून रेसिडेंटला, म्हणजे पीजी करत असलेल्या डॉक्टरला, ३००, पीजीनंतरची पहिली पाच वर्षं ६००, पुढे १,०००, अशी पायरी आम्हाला तिन्ही पर्यायांत उजवी वाटते.

ही पद्धत फसते ती एकाच जागी: पायरी कोण बदलणार? शीटमध्ये ‘रेसिडेंट’ असा शिक्का मारून ठेवला तर सातव्या वर्षीही तो रेसिडेंटच असतो. शिक्का नको, तारीख लिहा. ‘पीजी पूर्ण होण्याची तारीख’ असा रकाना ठेवला की दर शीट स्वतःच काढते. पुरावा विभागप्रमुखांचं बोनाफाइड पत्र. डीएम किंवा एमसीएच या पीजीनंतरच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर नवं पत्र, नवी तारीख. ओळखीसाठी मोबाइल नंबर धरू नका, तो बदलतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक धरा.

सवलती

पावती अशी हवी:

सभासद शुल्क १,०००
वजा सवलत, रेसिडेंट (मुदत ३१ मार्च २०२८) ७००
मिळाले ३००

नुसतं ‘३०० मिळाले’ असं लिहिलं तर दोन वर्षांनी नव्या कोषाध्यक्षाला ती सवलत होती की थकबाकी, कळत नाही. शिवाय संघटनेने वर्षभरात किती रुपयांची सवलत दिली हा आकडा आमसभेपुढे ठेवता येत नाही, आणि तो नसला की ‘आपल्याच लोकांना सूट दिली’ ही कुजबुज सुरू होते.

दाम्पत्याला सवलत द्या, पण नोंदी दोन ठेवा, क्रमांक दोन, मतं दोन. एकाच नोंदीवर दोघं असले तर एकजण पुण्याला गेला किंवा दोघं वेगळे झाले की काय करायचं ते कुणालाच सुचत नाही. ज्येष्ठांची सवलत जन्मतारखेवर ठेवा, ‘निवृत्त’ या शब्दावर नको. डॉक्टर निवृत्त कधी होतो, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. ग्रामीण सवलत कागदावर छान दिसते, प्रत्यक्षात भांडण लावते. राहायला नागपुरात आणि क्लिनिक उमरेड, काटोल किंवा सावनेरला, अशांना कुठे बसवायचं? त्यापेक्षा त्यांना सीएमईची ऑनलाइन लिंक फुकट द्या. कौन्सिलच्या नोंदणी-नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणून त्यांना खरी गरज त्याचीच असते.

आजारपण, बाळंतपण, अडचण यांसाठी अर्ज फक्त अध्यक्ष आणि कोषाध्यक्षांनी पाहावा. इतिवृत्तात सभासद क्रमांक आणि रक्कम एवढंच, कारण नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नावच नको.

कॉन्फरन्सच्या नोंदणीत सभासदाला मिळणारी सूट वार्षिक वर्गणीपेक्षा जास्त ठेवली तर हिवाळ्यात एकदम पन्नास अर्ज येतात आणि एप्रिलमध्ये तेच लोक फोन उचलत नाहीत. सूट मिळवायची तर ३० जूनपूर्वी वर्गणी भरलेली असावी, ही एक अट पुरते.

पैसे घ्यायचे कसे

भिंतीवरचा एकच क्यूआर कोड फुकट पडतो, पण स्टेटमेंटमध्ये नाव येतं कंपाउंडरचं किंवा घरच्यांपैकी कुणाचं तरी. शंभर सभासदांपर्यंत जुळवणं जमतं, पुढे प्रत्येकाला वेगळी पेमेंट लिंक द्या. लिंक चालवणारी कंपनी, म्हणजे पेमेंट गेटवे, कार्डावर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतो, म्हणजे १,००० मागे २३.६० रुपये, खात्यात येतात ९७६.४०. हौशी कोषाध्यक्ष वर्गणी ९७६.४० लिहितो आणि पावत्यांची बेरीज वहीशी कधीच जुळत नाही. वर्गणी १,०००च लिहा, २३.६० बँक खर्चात टाका. यूपीआय ऑटोपे १५,००० रुपयांपर्यंत पिन न मागता चालतं आणि किमान २४ तास आधी सूचना जाते, पण रक्कम वर्षागणिक बदलणाऱ्या रेसिडेंटला ते लावू नका.

वर्गणी १,००० वरच का थांबवली

विज्ञान, शिक्षण अशा उद्देशांच्या ना-नफा संस्थेला सभासदाकडून वर्षाला १,००० रुपयांपर्यंत मिळणाऱ्या वर्गणीला जीएसटीतून सूट आहे. १,२०० केली तर सूट जाते, आणि संघटना जीएसटीखाली नोंदलेली असेल तर १८ टक्के लागतात. ‘आपली उलाढाल कुठे वीस लाख?’ असं म्हणताना कॉन्फरन्सचे स्टॉल आणि स्पॉन्सरशिप मोजायची राहून जाते. जीएसटी नोंदणीसाठीची वीस लाखांची मर्यादा एकूण उलाढालीची आहे, सूट असलेली वर्गणीही तीत धरली जाते. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये आयएमएच्याच प्रकरणात, सभासदांना दिलेल्या सेवेवर जीएसटी लावणारी तरतूद घटनाबाह्य ठरवली. त्या भरवशावर इथे कर भरणं थांबवण्याआधी सीएचं लेखी मत घ्या. आजीव शुल्कात ‘वर्षाला’ हा हिशेब सरळ बसत नाही, तो प्रश्नही त्याच पत्रात विचारा आणि उत्तर पावतीपुस्तकासोबत पुढच्या कोषाध्यक्षाकडे द्या.