वाचायला की ठेवायला? आजीच्या पवित्र शास्त्राची बांधणी

अप्पा बळवंत चौकातून शनिवार पेठेकडे वळलं की एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली हे बाइंडर काका बसतात. पाटी नाही. वह्या-पुस्तकांच्या दुकानात विचारलं की कुणीही बोट दाखवतं.

माझ्या आजीचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, जूनमध्ये त्यांच्याकडे दिलं आणि परवा हातात मिळालं. पंधरा दिवस सांगितले होते, सव्वा महिना लागला. साडेअकराशे रुपये घेतले. पाठीवरची सोनेरी अक्षरं जरा तिरकी आलीत. तक्रार एवढीच. काम उत्तम आहे.

मी गेले होते ते मखमलीचं अस्तर लावलेली पेटी आणि भक्कम पुठ्ठा करून घ्यायला. काकांनी पुस्तक हातात घेतलं, चार ठिकाणी उघडलं आणि विचारलं, “ताई, हे वाचायला करायचंय की ठेवायला?” ठेवायचं असेल तर कडेनं आरपार टाके घालून घट्ट बांधता येतं, पण मग पुस्तक नीट उघडत नाही, आतल्या बाजूच्या ओळी शिवणीत जातात. वाचायचं असेल तर एकेक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, सुटा करून जुजबंदी करावी लागते, म्हणजे प्रत्येक फर्मा घडीतून दोऱ्यानं शिवावा लागतो. त्याला वेळ जातो. प्रश्न कामाचाच होता, पण मला उत्तर देता येईना.

हे पुस्तक पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी ते केलं, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत. एप्रिल 1922 मध्ये बाई गेल्या, आणि 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून ते बाहेर आलं. चुलीपाशी बसणाऱ्या बाईनं वाचावं म्हणून झालेलं हे पुस्तक आमच्या घरी काचेच्या कपाटात, रेशमी रुमालात होतं. मुलांनी हात लावायचा नाही. परीक्षेला जाताना त्याला हात लावून जायचं. माझा मुलगा डेंग्यूनं आजारी होता तेव्हा मी ते त्याच्या उशाखाली ठेवलं होतं. उघडलं नव्हतं.

आणि बाबा गेल्यावर याच पुस्तकावरून मी आणि माझा नगरचा भाऊ अडीच वर्षं बोललो नाही. घराची वाटणी झाली, सोन्याची झाली, शब्दही वाढला नाही. शास्त्र कुणाकडे राहणार, यावर मात्र नको ते बोलून गेलो.

मूर्तिपूजा म्हटलं की आम्हा ख्रिस्ती माणसांचं बोट पटकन दुसऱ्याच्या देव्हाऱ्याकडे जातं. बायबलातल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाचा अठरावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलेय. मोशेनं रानात उंचावलेला पितळेचा सर्प देवाच्याच सांगण्यावरून केलेला होता, त्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेली माणसं जगली होती. शेकडो वर्षांनी लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. त्याला नाव पडलं नहुश्तान, म्हणजे नुसतं पितळ. वाईट वस्तूची मूर्ती होते हे कुणालाही कळतं. देवानं दिलेल्या वस्तूची झाली की ती भक्तीच वाटते, म्हणून घरातल्या कुणाला ती दिसत नाही. मला दिसली नव्हती.

काकांना म्हटलं, वाचायला करा.

मग त्यांनी जे केलं ते सांगते. जुनी शिवण उसवून फर्मे सुटे केले, फाटलेल्या पानांना पातळ टिश्यू लावला. बाबांनी चिकटवलेला सेलोटेप पिवळा पडला होता. निघाला तेवढा काढला, दोन पानांवर अक्षरं जातील म्हणून तसाच राहू दिला आणि तसं मला आधी सांगितलं. खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. कडा कापायला त्यांनी स्वतःहूनच नकार दिला, कारण समासात आजीची पेन्सिलीची अक्षरं आहेत.

पुस्तक सुटं असताना त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. स्तोत्रसंहिता आणि योहान, एवढ्याच भागांचे खालचे कोपरे काळे पडून झिजलेत. मधे तेलाचे डाग, एका पानावर हळदीचं बोट. “हे रोजचं वाचणारं माणूस होतं,” ते म्हणाले. आजी 1981 मध्ये गेली. त्यानंतरचा एकही डाग त्या पुस्तकात नाही. मी तिथेच त्यांच्या स्टुलावर बसून रडले. त्यांनी पाणी दिलं आणि काम चालू ठेवलं.

पेटी केली नाही. भावाला फोन केला. त्याचा राग अजून आहे, पण एक महिना माझ्याकडे, एक महिना त्याच्याकडे, एवढं त्यानं मान्य केलंय. दोन्ही घरी जेवणाच्या टेबलावर.

जाणार असाल तर दुपारी एक ते चार जाऊ नका, बंद असतं. कापडाचा रंग तिथेच निवडून घ्या. आणि नव्या बांधणीचं पुस्तक पहिल्याच दिवशी पूर्ण सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी पानं दाबत मधे या, असं काकांनी सांगितलंय. मी सध्या पहिलं पुस्तक उत्पत्ती आणि शेवटचं प्रकटीकरण, असं दोन्हीकडून वाचत आत सरकतेय.